खिशात मावणारा सिक्वेन्सर आणि पत्त्याचा रिकामा रकाना

घ्यावं की नाही, असं ओळखीचे लॅबवाले सारखं विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. यंत्राचं नाव मिनआयन. लॅपटॉपला केबलनं जोडायचं आणि व्हायरसचा जीनोम, म्हणजे त्याची अख्खी जनुकीय अक्षरमाला, वाचायची. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. आम्ही नागपुरात ते डेंग्यू आणि चिकुनगुन्यासाठी वापरतो. माझं मत सुरुवातीलाच सांगते: यंत्र चांगलं आहे, जरूर घ्या. पण पेशंटला ताप नेमका कोणत्या दिवशी चढला आणि तो खरोखर राहतो कुठं, हे ज्या लॅबला ठाऊक नाही तिनं आधी आपला फॉर्म सुधारावा. त्याला पैसे लागत नाहीत. फॉर्म तसाच ठेवून यंत्र घेतलं तर ते पाहुण्यांना दाखवण्यापुरतंच उरतं.

खोकं आलं तेव्हा आमच्या काकाजींनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. काकाजी म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. सेंट्रिफ्यूजच्या आवाजावरून कुठली ट्यूब तिरपी बसली ते सांगतात. म्हणाले, "मॅडम, एवढ्याशासाठी एवढे कागदं फिरवले आपण? हे तं पॉवर बँकेवानी दिसून राह्यलं." कागदांचं त्यांचं बरोबर होतं. पर्चेस कमिटी, तीन कोटेशनचा नियम, मग ही वस्तू एकच कंपनी बनवते याचं वेगळं सर्टिफिकेट, मग फायलीवर शेरा की एवढ्या लहान यंत्राला एसी खोली कशाला. एसी का लागतो ते पुढं येईलच.

यंत्राच्या पोटात फ्लो सेल नावाचा, बदलता येणारा भाग बसतो. त्यातल्या पातळ पडद्यात प्रथिनाची सूक्ष्म छिद्रं (नॅनोपोर) असतात आणि त्यांतून वीजप्रवाह चालू असतो. डीएनएचा धागा छिद्रातून सरकला की प्रवाह कमीजास्त होतो; त्या चढउतारावरून सॉफ्टवेअर अक्षरं ओळखतं. छिद्रं त्याहून जास्त असतात, पण एका वेळी ५१२ चॅनेल वाचत असतात. डेंग्यूचा जीनोम सुमारे १०,७०० अक्षरांचा, चिकुनगुन्याचा ११,८०० च्या आसपास. दोन्ही आरएनए व्हायरस, त्यामुळे आधी आरएनएवरून डीएनएची प्रत करून घ्यावी लागते.

साथीच्या कामात या यंत्रावर भरवसा बसला तो २०१५ मध्ये, गिनी देशात इबोलाचे नमुने जागेवरच वाचले गेले तेव्हा. त्यानंतर २०१६ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागातून एक बस फिरली, बसमध्येच लॅब थाटलेली, काम झिका व्हायरस वाचायचं. झिका तिथं अधिकृतपणे सापडला होता मे २०१५ मध्ये. जीनोम जुळवल्यावर हिशोब निघाला की तो २०१४ च्या सुरुवातीलाच येऊन बसला होता. वर्षभराहून जास्त काळ लोकांना ताप येत होता, पुरळ उठत होतं, आणि झिकाचा कुणाला पत्ता नव्हता. आपल्या राज्यात झिकाचा पहिला रुग्ण सापडला तो जुलै २०२१ मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. तापाच्या साथीत नमुने तपासले म्हणून सापडला.

त्या बसमधल्या कामातून जी कृती रुळली, तीच आज आम्ही थोड्याफार फरकानं वापरतो. व्हायरसचा अख्खा जीनोम एकदम उचलायचा नाही. सुमारे ४०० अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढलेले तुकडे पीसीआरनं, म्हणजे प्रतींवर प्रती काढत, वाढवायचे. शेजारचे तुकडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोन वेगळ्या ट्यूबमध्ये. डेंग्यूचे चार सिरोटाइप (उपप्रकार) एकमेकांपासून इतके वेगळे की प्रत्येकाचा प्रायमर संच निराळा. त्यामुळे आधी सिरोटाइप काढा, मग संच निवडा. जेलवर, म्हणजे तुकड्यांची लांबी दाखवणाऱ्या तपासणीत, ४०० च्या जागी पट्टी दिसली की चुंबकीय बीड्सनं धुलाई, प्रत्येक नमुन्याला बारकोड (ओळखीसाठी जोडलेला डीएनएचा छोटा तुकडा), आणि सगळे एका फ्लो सेलवर. चोवीस बारकोडांचं किट मिळतं, शहाण्णवचंही. सकाळी आरएनए काढायला घेतला तर दुसऱ्या दिवशी दुपारी जीनोम हातात असतो. नुसत्या पाण्याची एक ट्यूब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत चालवायचीच. तिच्यात डेंग्यूचे रीड्स (यंत्रानं वाचलेले तुकडे) दिसले तर सगळी बॅच रद्द, कितीही जीव तुटला तरी.

नव्या माणसानं घाबरावं अशी एकच पायरी आहे. फ्लो सेलच्या प्रायमिंग पोर्टखाली, म्हणजे द्रव भरायच्या तोंडाखाली, हवेचा छोटा बुडबुडा असतो. तो तसाच आत ढकलला तर पडद्यावरून जाताना छिद्रं मारून टाकतो, आणि मेलेलं छिद्र परत येत नाही. त्यासाठी मोठं पिपेट २०० मायक्रोलिटरवर लावायचं, टिप पोर्टमध्ये उभी रोवायची, आणि बटण अजिबात न दाबता नुसती चकती फिरवत आकडा २२०-२३० पर्यंत न्यायचा. टिपच्या टोकात पिवळसर द्रवाचा बारीक थेंब चढताना दिसला की थांबायचं. त्यानंतर प्रायमिंगचं ८०० मायक्रोलिटर मिश्रण सावकाश, पाच मिनिटं वाट, झाकण उघडून आणखी २००, आणि शेवटी ७५ मायक्रोलिटर नमुना थेंब-थेंब. प्रत्येक थेंब पोर्टमध्ये शोषला गेला की मगच पुढचा. हे चाललेलं असताना आमच्या लॅबमध्ये कुणी पंखा लावत नाही, कुणी शिंकत नाही, आणि काकाजी दारात उभे राहून येणाऱ्याला "थांबा जी जरा" म्हणतात. मग लॅपटॉपच्या स्क्रीनवर हिरवे चौकोन पेटायला लागतात: फिकट हिरवं म्हणजे छिद्र वाचतंय, गडद हिरवं म्हणजे रिकामं बसलंय. इतक्या मेहनतीनंतर गडद हिरवंच जास्त दिसलं तर समजावं, नमुना पातळ आहे.

नमुना पातळ का असतो? इथं यंत्राचा काही दोष नाही. डेंग्यूचा व्हायरस रक्तात भरपूर असतो तो तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत. आपल्याकडं माणूस पहिले दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढतो, तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरकडं जातो, प्लेटलेट्स उतरल्या की भरती होतो, आणि तेव्हा रक्त जातं आयजीएम एलायझाला, म्हणजे प्रतिपिंडांच्या तपासणीला. आयजीएम पॉझिटिव्ह यायला लागतं साधारण पाचव्या दिवसानंतर, म्हणजे व्हायरस आवरतं घेत असताना. तो सीरम (रक्तातला द्रव भाग) पेशंटच्या निदानाला ठीक, जीनोमला कुचकामी. पीसीआरची सीटी व्हॅल्यू, म्हणजे व्हायरस दिसायला लागलेली फेरी, तिशीच्या वर गेली की जीनोमात मोठमोठी भोकं पडतात. म्हणून आम्ही एनएस-वन (डेंग्यूचं प्रथिन थेट पकडणारी चाचणी) पॉझिटिव्ह आलेले, पहिल्या पाच दिवसांतले नमुनेच बाजूला काढतो आणि त्याच दिवशी उणे ८० च्या फ्रीझरमध्ये टाकतो. दिवसभर टेबलावर पडून संध्याकाळी फ्रीजमध्ये गेलेला सीरम मी घेत नाही. लोकांना राग येतो, येऊ दे.

आता फॉर्म. नमुन्यासोबत येणाऱ्या कागदावर पत्त्याच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो: नागपूर. जरा मेहनती इंटर्न असेल तर 'नागपूर शहर'. महापालिकेचे दहा झोन आहेत. लक्ष्मीनगरचा बंगला आणि सतरंजीपुऱ्यातली चाळ एकाच शब्दात कोंबली, तर मी जीनोमांवरून व्हायरसांचा कितीही सुंदर वंशवृक्ष काढला तरी त्याच्या फांद्या कुठल्या वस्तीत उतरवायच्या? त्याहून अवघड गोष्ट वेगळीच. नागपूरला उपचाराला माणूस येतो बालाघाटहून, छिंदवाड्याहून, गोंदियाहून, गडचिरोलीहून, पार राजनांदगावहूनही. काउंटरवर पत्ता विचारला की तो नातेवाइकाचा पत्ता सांगतो, कारण तिथंच उतरलेला असतो आणि फोनही तिथलाच दिलेला असतो. कागदावर तो मानेवाड्याचा होतो. त्याचा व्हायरस मात्र बालाघाटचा. असे काही पेशंट मिसळले की नागपुरात एकाच मोसमात भलताच वंशविस्तार दिसायला लागतो.

आमच्या फॉर्मवर आता दोन प्रश्न आहेत: ताप सुरू झाला ती तारीख, आणि ताप येण्याआधीच्या पंधरा दिवसांत रात्री कुठं झोपलात. दुसऱ्या प्रश्नावर एका आजीबाईंनी सिस्टरला चांगलंच सुनावलं. पण उत्तरं खरी मिळतात. "भंडाऱ्याले लेकीकडं होतो, चार दिवस" हे वाक्य माझ्या दृष्टीनं यंत्राच्या निम्म्या किमतीचं आहे.

एवढं करून मिळतं काय? २००६ ची चिकुनगुन्याची साथ आठवा. नागपुरात गल्लीच्या गल्ली वाकून चालत होती, जिना उतरायला माणसाला खांदा लागायचा. चिकुनगुन्या भारतात त्याआधी गाजला होता १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. मग तीसेक वर्षं जवळपास सामसूम. सगळ्यांना वाटलं, तोच जुना व्हायरस परत उठला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं जीनोमचे भाग जुळवले तेव्हा दिसलं की बार्शीचा होता आशियाई जीनोटाइपचा, आणि २००६ चा निघाला पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी घराण्यातला. याहून मजेची गोष्ट म्हणजे याच आफ्रिकी घराण्याचा व्हायरस २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत मिळालेला होता. म्हणजे पाहुणा साथीच्या कितीतरी आधी उंबरठ्यावर होता. पुढं २००७ मध्ये केरळात व्हायरसच्या आवरणावरच्या ई-वन प्रथिनातल्या २२६ व्या जागेवरचा एक बदल सापडला. एका अमिनो आम्लाच्या फरकानं व्हायरस एडिस अल्बोपिक्टस डासात जास्त जोमानं वाढायला लागला, आणि रबराच्या मळ्यांतला, बागांतला डासही कामाला लागला. कोणत्या डासामागं धावायचं हे असल्या बदलावर ठरतं. न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली वेस्ट नाईल उगवला, तोही जीनोमवरून थेट इस्रायलमध्ये १९९८ साली मेलेल्या एका हंसातल्या व्हायरसशी जुळला. अटलांटिक ओलांडून तो कसा आला हे जीनोमनं सांगितलं नाही. कुठल्या घरचा, तेवढं सांगितलं.

हीच त्याची हद्द आहे, आणि ती नीट समजून न घेता लोक भलत्या अपेक्षा ठेवतात. एका सोसायटीचे सेक्रेटरी माझ्याकडं आले होते. शेजारच्या बंद बंगल्यातल्या कूलरमध्ये एप्रिलचं पाणी ऑगस्टपर्यंत तसंच, सोसायटीत तीन घरांत डेंग्यू, "मॅडम, त्याच कूलरमधून आला हे जीनोमवरून सिद्ध करून द्या, नोटीस पाठवतो." देता येत नाही. डेंग्यूच्या जीनोमात वर्षाला साधारण आठ-दहा अक्षरं बदलतात. एका माणसापासून डासामार्फत दुसऱ्या माणसापर्यंत जायला लागतात दोन-तीन आठवडे. तेवढ्यात कधी एखादं अक्षर बदलतं, बरेचदा एकही नाही. म्हणजे तिन्ही घरांचे जीनोम जसेच्या तसे सारखे आले तरी तेच जीनोम चार गल्ल्या पलीकडंही असू शकतात. कूलर रिकामा करायला जीनोम लागत नाही, मी त्यांना म्हटलं. पाणी ओता, टाकी घासा, कडेला चिकटलेली अंडी पुसली गेली पाहिजेत. ते नाराज होऊन गेले.

मला स्वतःला या यंत्राकडून हवं असलेलं उत्तर वेगळं आहे, आणि ते खास नागपूरचं आहे. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रस्त्यावरची डबकी आटतात, पण घराघरांत कूलर चालू, त्यात रोज ताजं पाणी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, आणि काही अंड्यांत आईकडून व्हायरसही उतरतो. मग दर पावसाळ्यात जो डेंग्यू वर येतो तो गेल्या वर्षीचाच, उन्हाळा इथंच काढलेला? की दर वर्षी कुणीतरी रेल्वेतून नवा घेऊन येतो? दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन्ही लोहमार्ग याच शहरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे दुसरंही तितकंच शक्य. लागोपाठच्या वर्षांचे जीनोम एकाच फांदीवर, मोजून आठ-दहा अक्षरांच्या अंतरावर बसले तर पहिलं उत्तर जड होतं, आणि मग मोहीम काढायची ती मे-जूनमध्ये, कूलरवर. दर वर्षी निराळी फांदी दिसली तर सुरुवातीचे तापाचे पेशंट लवकर पकडण्यावर जोर. पण यासाठी लागतात दर मोसमाचे, सगळ्या झोनमधले नमुने. एका पावसाळ्यात मूठभर जीनोम वाचून बातमी देणाऱ्यांपासून सावध राहा.

फुकट मिळणाऱ्या साधनांबद्दल थोडं. नेक्स्टक्लेड ब्राउझरमध्येच चालतं, तुमचा डेटा तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही, डेंग्यूचा जीनोम टाकला की कुठल्या फांदीवर बसतो ते काही क्षणांत दिसतं. उत्तम. नेक्स्टस्ट्रेनवर जगभरच्या डेंग्यूचा वंशवृक्ष आणि नकाशा पाहता येतो, तोही छानच. फक्त असल्या कुठल्याही नकाशावरच्या रेषांना भुलू नका. पुण्याहून थेट नागपूरला रेषा आली याचा अर्थ व्हायरस शिवनेरीत बसून आला असा होत नाही. अकोला, जालना, बीडचे जीनोम कुणी वाचलेलेच नाहीत एवढाही होऊ शकतो. जिथं लॅब, तिथं ठिपका.

आणि एक सावधगिरी, जी नागपूरकरानं तरी विसरू नये. प्रायमर जे शोधायला बनवलेत तेच सापडतं. १९६५ मध्ये इथंच, चांदिपुरा भागात, डेंग्यू-चिकुनगुन्याच्या तापाची साथ चालू असताना दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक तिसराच व्हायरस मिळाला. आज जगभर तो चांदिपुरा याच नावानं ओळखला जातो. २००३ मध्ये आंध्रात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्यानं मुलांचे जीव घेतले. तो डासांपेक्षा सँडफ्लायमार्फत पसरतो, आणि घराणंही वेगळं. त्या दोन नमुन्यांवर माझे डेंग्यूचे प्रायमर चालवले असते तर उत्तर आलं असतं: निगेटिव्ह. प्रायमरशिवाय, नमुन्यात जे असेल ते सगळं वाचायची पद्धतही याच यंत्रावर चालते, पण त्यात बहुतेक रीड्स माणसाच्या स्वतःच्या डीएनए-आरएनएचे निघतात आणि फ्लो सेल एकदोन नमुन्यांतच खर्ची पडतो. मेंदूज्वराच्या, कशातच न बसणाऱ्या केससाठी राखून ठेवा.

खर्चाचं गणित सरळ आहे. कंपनीनं सुरुवातीला स्टार्टर पॅक हजार डॉलरला दिला होता आणि त्याचा बराच गवगवा झाला. पण यंत्र एकदाच घ्यायचं असतं, पैसा खातो तो फ्लो सेल. त्यामुळे चोवीस नमुने जमल्याशिवाय चालवू नका. थोड्याच नमुन्यांसाठी फ्लोंगल नावाचा लहान, स्वस्त फ्लो सेल मिळतो, १२६ चॅनेलचा. धुऊन पुन्हा वापरायचं किटही आहे, आम्ही वापरतो. बारकोड मात्र दर वेळी बदलावेत, आधीच्या रनचा गाळ थोडा उरतोच. अचूकतेची जुनी तक्रार नव्या रसायनानं बरीच मिटलीय, तरी एकच अक्षर सलग सहा-सात वेळा आलं की नॅनोपोरचं मोजणं अजूनही डगमगतं. तिथं दिसलेला बदल डोळे झाकून खरा मानू नका.

आणि एसी. रन चालू असताना फ्लो सेल ३४ अंशांच्या आसपास राहावा लागतो. ऑक्टोबरच्या दुपारी खोलीच तेवढी तापली तर यंत्रानं उष्णता टाकायची कुठं? त्यात रात्री लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, एसी धरत नाही. खोलीला इन्व्हर्टर एसीसकट झेपेल असाच बघा.

यंत्राला पाचपैकी चार. एक गुण कापला तो आपल्या भागापर्यंत थंड साखळीत माल पोहोचण्याचा भरवसा नसल्याबद्दल. एका कुरिअरनं आमचं खोकं शनिवार-रविवार गोदामात ठेवून सोमवारी दिलं, तोवर आइस पॅकांचं पाणी झालं होतं. माल हाती आला की त्याच दिवशी छिद्रं तपासा. ८०० पेक्षा कमी जिवंत दिसली आणि मुदतीत कळवलं तर फ्लो सेल बदलून मिळतो.

फ्लो सेल फ्रीजमध्ये बारा आठवडेच खात्रीनं टिकतात, तेव्हा मार्चअखेरीस बजेट संपवायचं म्हणून वर्षाचा साठा एकदम मागवू नका. आमच्याकडं डेंग्यूचे चांगले नमुने यायला लागतात ऑगस्टमध्ये. निम्मे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचतील असे मागवा, निम्मे सप्टेंबरअखेर, आणि ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा की डिलिव्हरी मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यानच हवी.